उंबऱ्यापावतर गेलेला एक्स

आमचं गाव पोंभुर्ण्याकडचं, जंगलातलं. तवा चंद्रपूरले चांदाच म्हणत. माहा नवरा नागपूरले इंटरच्या परीक्षेत गणितात नापास झाला अन् घरी येऊन बसला. दिवसभर परसात पुस्तक घेऊन राहे. त्याच्या वाट्याचा मोह, झाडाखाली पडलेली फुलं, मीच वेचत होती. मले शक होता, हा शिकून नाई राह्यला, काम टाळून राह्यला.

नवऱ्याचा मोठा भाऊ, म्हणजे माहा भासरा, त्यालेही तोच शक. म्हने, "परीक्षा बस झाली. आता जंगलखात्याच्या कूपात लाकडं तोडाले चाल."

माहं शिक्षण दुसरीपावतर. तरी एक दिवस मी टोपली खाली ठेवली अन् नवऱ्याले म्हणलं, "काय करता थे दाखवा."

त्यानं सारवलेल्या अंगणात कोळशानं लिहिलं. वर एक्सचा वर्ग उणे चार, खाली एक्स उणे दोन. म्हने, "एक्स दोनाकडं जाते. उत्तर काय?" त्यानंच एक्सच्या जागी दोन घातले. वर शून्य, खाली शून्य.

"एवढ्यासाठी वर्ष घातलं?" मी म्हणलं.

तो हसला नाई. त्यानं वरचं फोडलं. एक्स उणे दोन, गुणिले एक्स अधिक दोन. मंग वर न् खाली, दोन्हीकडचं एक्स उणे दोन कापलं. उरलं एक्स अधिक दोन. म्हने, दोन अधिक दोन, उत्तर चार.

"थांबा. आत्ता त्याले शून्य म्हणत होते. शून्यानं कसं कापता?"

"एक्स दोनाजवळ जाते, दोन होत नाई. म्हणून थे अजून शून्य नाई."

"जवळ जाते अन् पोचत नाई? असं कुठी असते?"

"तू भाऊच्या खोलीत पाय नाई ठेवत. उंबऱ्यापावतर जाते. तरी अंदर काय चालू हाये, तुले समजतेच ना?"

भासऱ्यासमोर सुनेनं जाऊ नये, बोलू नये, अशी रीत होती. बोलणं पटलं, माणूस नाई पटला. बोलाले तो पहिल्यापासून हुशार. "मंग नापास काऊन झाले?"

त्यानं पुन्हा कोळसा उचलला. मंग बाजूले शून्यावर शून्य लिहिलं, दोन्ही शून्य कापले अन् उत्तर एक लिहिलं. "मी हे केलं. न फोडताच कापलं. पेपरभर."

ठगणारा माणूस आपली चूक लिहून दाखवत नाई.

संध्याकाळी भासऱ्यानं पुन्हा कूपाचं काढलं. मी उंबऱ्याच्या अलीकडूनच सासूले म्हणलं, "मामीजी, त्यायले सांगा, हे शिकून राह्यले. मी पाह्यलं."

अंदरून भासऱ्याचा आवाज आला, "तिले काय समजते गणितातलं?"

"चूक कुठी होती थे समजलं म्हणा."

त्यायनं ऐकलं होतं. तरी सासूनं पुन्हा सांगतलं.

"त्याचा मोह कोण वेचन?"

"मीच वेचून राह्यली म्हणा."

दुसऱ्या दिवशी भासरा एकटाच कूपात गेला. नवरा पुन्हा परीक्षेले नागपूरले गेला. पास झालो म्हणत आला, तवा मी पाण्याच्या गडव्याआधी त्याच्या हाती कोळसा देला अन् म्हणलं, "दाखवा."