मेल्यावर लहान झालेले हैबतराव

ऐका, चहा येईपर्यंत सांगून होतंय. आजवर मी बऱ्याच ठिकाणी तोंडावर आपटलोय. पण गळ्यात हार घालून, माईकसमोर, भर सभेत आणि तेही सासुरवाडीच्या गावात आपटण्याचा मान मला एकदाच मिळाला. खोटं वाटत असेल तर आमच्या सुमनला विचारा. ती तर तारखेसकट सांगेल!

मी बेळगावात उद्यमबागेत एका फौंड्रीत आहे. माल पाठवायचं काम माझ्याकडं. आठवड्यातून दोनदा कंपनीची जुनी व्हॅन घेऊन कोल्हापूरला नमुने पोचवायचे. दोन तास जायला, दोन तास यायला. बरोबर कोण? कोणी नाही. मागं लोखंड आणि पुढं मी.

आणि सासुरवाडी कशी मिळाली? सगळी वाचणारी! बायको हायस्कुलात मराठी शिकवते. सासरे, म्हणजे आप्पा, निपाणीचे जुने वकील आणि तिथल्या वाचनालयाचे अध्यक्ष. त्यांच्या घरी जेवणं झाली की पुस्तकांच्या गप्पा सुरू व्हायच्या. मी तोंड उघडणार एवढ्यात आप्पा म्हणायचे, "जावईबापू, तो नळ जरा गळतोय, बघता काय?"

सात वर्षं मी त्या घरातले नळ बघितले. एकदा तरी ह्या माणसानं मला पुस्तकाबद्दल काही विचारावं, एवढीच माझी इच्छा होती. हसू नका, खरंच होती.

मग हे ऐकायच्या पुस्तकांचं खूळ आलं आणि माझं भाग्य उजळलं. व्हॅनमध्ये मी ऐतिहासिक कादंबऱ्या लावायला लागलो. काय सांगू राव! संकेश्वर आलं कधी आणि गेलं कधी, पत्ता लागायचा नाही. अर्थात सगळे वाचून दाखवणारे सारखे नसतात हं. काही जण पहिल्या ओळीपासून असे ओरडतात की जणू शनिवारच्या बाजारात भाजी विकायला बसलेत. मागं ढोल, ताशे, घोड्यांच्या टापा. राजा काय बोलला ते घोड्यालाच कळत असेल.

सुमनला हे आवडायचं नाही. "अहो, जरा साहित्यिक कायतरी ऐका की," म्हणून तिनं एक कादंबरी लावून दिली. त्यात एक माणूस खिडकीपाशी बसतो. मी हत्तरगीपर्यंत ऐकलं, माणूस बसलेलाच. वाचणारा तर असा कुजबुजत होता की जणू शेजारच्या खोलीत कुणाचं बाळ झोपलंय. संध्याकाळी मी विचारलं, "सुमन, मला काय कळलंच न्हाय गं."

"कळलं न्हाय म्हणजे वाईट न्हवं," ती म्हणाली. "मोठ्या लेखकांचं सरळ नसतंय. काळ मागं-पुढं करतात ते. आपण थांबून विचार करायचा."

हे वाक्य मी डोक्यात पक्कं ठेवलं. तिथंच घात झाला.

निपाणीत जाधव गुरुजी म्हणून निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी दहा वर्षं खपून एक कादंबरी लिहिली होती. हैबतराव नावाच्या एका किल्लेदाराची, जन्मापासूनची गोष्ट. नजर कमी झालेल्या सभासदांसाठी वाचनालयानं ती शांताक्कांच्या आवाजात उतरवून घेतली. शांताक्का प्राथमिक शाळेच्या जुन्या बाई. आप्पांनी त्याचा एक पेनड्राइव्ह पाकिटात घालून माझ्या हातात दिला. "तुम्ही काय वाचणार? हे ऐका तरी."

टोमणा होता. पण मी तो प्रसादासारखा घेतला आणि दुसऱ्या दिवशी व्हॅनच्या टेपला लावला. टेप जुना, त्याच्या आकड्यांची पट्टी कधीच विझलेली. आवाज येतो, बाकी काही दिसत नाही.

आणि आवाज काय वर्णावा! शांताक्का ओरडत नव्हत्या, कुजबुजत नव्हत्या. प्रकरणाचा आकडाबिकडा न सांगता, समोर बसवून सांगत होत्या. ढोल नाही, ताशे नाही. वेढ्याच्या प्रकरणात मागं त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू येत होत्या, आणि तिसऱ्या शिट्टीला तोफ उडाली! मला त्यात काही वावगं वाटलं नाही. किल्ल्यावर माणसं होती, ती जेवणारच की.

पहिल्या प्रकरणात हैबतरावांचा जन्म झाला. दुसऱ्यात ते एकदम पस्तीस वर्षांचे, दाढीवाले, किल्ल्याला वेढा पडलेला! मी ब्रेकवर पाय ठेवला. मधली वर्षं कुठं गेली? मग सुमनचं वाक्य आठवलं. काळ मागं-पुढं! वा गुरुजी!

पुढं त्यांची बायको गंगाबाई तापानं वारली. आणि थोड्या वेळानं हैबतराव रांगायला लागले! मी थक्क. मग पुन्हा म्हातारे झाले, फितुरी झाली, आणि कोगनोळीच्या अलीकडं हैबतराव दरवाजात लढता लढता पडले. शांताक्कांनी तिथं आवाज चढवला नाही, उलट उतरवला. अहो, मी गाडी कडेला घेऊन स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो.

कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसानं गाडी अडवली. माझे डोळे बघून तो नरमला. "एनातु री? काय झालं?"

"हैबतराव गेले, साहेब."

"अरेरे! कोण लागत होते?"

"लागत न्हवते कोण. पण पंधरा दिवस गाडीत बरोबर होते हो."

त्यानं कागद बघितले नाहीत, टोपी काढली आणि हात केला. "जावा, सावकाश जावा."

आता मला वाटलं, पुस्तक संपलं. कुठलं संपतंय! पुढच्या प्रकरणात हैबतराव सहा वर्षांचे! कोल्हापुरात माल उतरवून परत येईस्तोवर ते पाटलाच्या बोरी झोडपत होते, आणि पाटील धोतर सावरत त्यांच्या मागं! मी पोट धरून हसतोय आणि समोर तोच नाका, तोच पोलीस.

"काय हो, मयत झाली काय?"

"झाली की साहेब! पण आता बोरं चोरताना सापडलाय!"

त्यानं मला खाली उतरवलं आणि माझ्या तोंडाचा वास घेतला. रिकामी व्हॅन मागून पुढून तपासली. अर्धा तास गेला. पण मी रागावलो नाही. मोठं साहित्य कळायला सगळ्यांनाच वेळ लागतो!

शेवटाकडं तर कमालच होती. हैबतरावांचं लग्न झालं. कुणाशी? गंगाबाईंशीच! जी बाई तापानं वारली, ती आता हळदीच्या अंगानं नऊ वर्षांची होऊन पाटावर बसली होती. मला तिच्याकडं बघवेना. आणि अगदी शेवटचं प्रकरण. ते मी तीनदा ऐकलं, तिन्ही वेळा गाडी कडेला लावून.

महिन्याभरानं वाचनालयात गुरुजींच्या पुस्तकावर कार्यक्रम ठरला. बोलायला एक प्राध्यापक येणार होते, त्यांचा ऐन दिवशी घसा बसला. आप्पा ओसरीवर येरझाऱ्या घालायला लागले. तेवढ्यात सुमन म्हणाली, "आप्पा, हे बोलतील की. ह्यांनी सगळी ऐकलीया."

"ऐकलीया?" आप्पांनी तो शब्द कारल्याच्या फोडीसारखा तोंडात फिरवला. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. दुसरं कोणी नव्हतंच. "बरं. पाच मिनिटं. आणि जावईबापू, फौंड्रीचं काय सांगू नका."

सात वर्षांत पहिल्यांदा! मी इस्त्रीचा शर्ट घातला, गळ्यात हार पडला, समोर साठ-सत्तर माणसं. पहिल्या ओळीत शांताक्का. स्टेजवर मधोमध आप्पा, पलीकडं पांढऱ्या टोपीतले जाधव गुरुजी, हात मांडीवर ठेवून बसलेले.

"मंडळी," मी म्हणालो, "मी वाचक न्हाय, ऐकणारा माणूस. पण एक सांगतो. साधा लेखक माणसाला जन्माला घालतो आणि शेवटी मारतो. गुरुजींनी काय केलं? आधी मारलं आणि मग लहान केलं!"

गुरुजींनी मान वर केली. मला चेव चढला.

"गंगाबाई आधी वारतात, मग त्यांचं लग्न लागतंय. त्या हळदीला मला रडू आलं, मंडळी. कुठल्या लग्नात असं रडू येतंय? आणि शेवटचं प्रकरण! बारा वर्षांचा पोरगा पहिल्यांदा गडाच्या चाकरीला निघालाय. आई फडक्यात भाकरी बांधून देतीय. ओढा ओलांडताना तो मागं वळून म्हणतोय, 'आई, सांजच्याला येतो गं.' आणि पुस्तक संपतंय! आपल्याला ठाऊक असतंय की तो येणार न्हाय. आपण त्याला दरवाजात पडलेला बघितलाय. पण त्या माउलीला कुठं ठाऊक?"

मागं एका बाईनं पदर डोळ्याला लावला. टाळ्या म्हणजे काय टाळ्या! पाच मिनिटांची वीस झाली तरी कुणी चिठ्ठी पाठवली नाही.

आप्पांना तर राहवेना. कार्यक्रमाचा क्रम मोडून ते उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून माईकमध्ये म्हणाले, "जावईबापूंनी माझ्या मनातलं सांगितलं! मी हे पुस्तक दोनदा वाचलं. दोन्ही वेळेला मला ह्या रचनेनंच जिंकलं. आधी मरण, मग बालपण. मराठीत हे धाडस लई कमी जणांनी केलंय!"

अहो, तो हात! सात वर्षांचे नळ वसूल झाले. त्या क्षणी मला कुणी खासदार केलं असतं तरी मी नको म्हणालो असतो.

मग गुरुजी उठले. टोपी नीट केली.

"मला काय बोलावं कळंना," ते म्हणाले. "मी ही गोष्ट जन्मापासून मरणापर्यंत सरळ लिहिलीया. मला तेवढंच येतंय."

मी गुरुजींकडं बघितलं, आप्पांनी माझ्याकडं बघितलं, आणि पहिल्या ओळीतून शांताक्कांनी बसल्या जागेवरून विचारलं, "पावणं, पेनड्राइव्ह गाडीच्या टेपला लावलता काय?"

"व्हय, आक्का."

"तरीच! ते यंत्र अडाणी असतंय हो. एकानंतर दोन लावत न्हाय. एक, मग दहा, अकरा, बारा असं एकोणीसपर्यंत जातंय, मग दोन. त्याच्यामागं वीसपासून अठ्ठावीस, आणि मग तीन, चार करत शेवटी नऊ. अठ्ठाविसाव्यात हैबतराव मरतात, नवव्यात गडावर निघतात. म्हणून तर मी पाकिटावर लिहिलतं, फोनवर ऐका, गाडीत लावू नका."

म्हणजे बघा! अख्ख्या कादंबरीत मला स्वतः वाचायला एकच ओळ दिली होती, पाकिटावरची. तीही मी वाचली नव्हती!

मग जे हसू फुटलं ते काय विचारता. खुर्च्या हलल्या. डोळ्याला पदर लावलेली बाई आता तोच पदर तोंडात कोंबून बसली होती. सुमन पाठमोरी झाली होती, पण तिचे खांदे मला दिसत होते. गळ्यातला हार काढावा की ठेवावा, मला कळेना. आप्पांचा हात माझ्या खांद्यावरून कधी निघून गेला, तेही कळलं नाही.

गुरुजींनी हात वर केला. "हसू नका. मला एक सांगा, हितं बसलेल्यांत माझं पुस्तक शेवटपर्यंत कुणी कुणी वाचलंय? हात वर करा."

हसू थांबलं. शांताक्कांचा हात वर गेला. माझा अर्धा. बाकी सगळी सभा चपला शोधायला लागल्यासारखी खाली बघत होती. आप्पा समोरच्या तांब्याचं झाकण तपासत होते.

"मला तर वाचायलाच लागलं," शांताक्का म्हणाल्या. "त्याशिवाय बोलणार कशी?"

"एकीनं वाचलं, एकानं उलटंसुलटं ऐकलं," गुरुजी म्हणाले. "पुस्तक निघून वर्ष झालं, त्यात दोन झाले. मला पुरेत." मग माझ्याकडं वळून, माईक बाजूला करून, हळूच म्हणाले, "तो ओढा लिहिताना मी पण रडलतो. आजपर्यंत कुणी त्याचं नावच काढलं न्हाय बघा."

खरं सांगतो, त्या एका वाक्यासाठी मी पुन्हा एकदा हसं करून घेतलं असतं. असा लेखक आणि असा आवाज, दोन्ही निपाणीत आहेत आणि गावाला पत्ता नाही! नंतर मी ती कादंबरी नीट क्रमानंही ऐकली. उत्तम आहे. तुम्हीही ऐका, फोनवर ऐका.

कार्यक्रमानंतर चहा होता. मी कप घेऊन खांबाआड उभा राहिलो. जो येईल तो "काय पावणं, हैबतराव किती वर्षांचे झाले?" म्हणून विचारून जात होता. एवढ्यात आप्पा आले. इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या अगदी कानाशी लागले.

"जावईबापू, खरं सांगा. मी पुस्तक वाचलेलं न्हाय, हे कितीजणांच्या ध्यानात आलं असंल?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. साठ वर्षं त्या गावात मानानं वावरलेला माणूस! मी म्हणालो, "कुणाच्याच न्हाय, आप्पा. सगळी माझ्यावर हसण्यात गुंतलती."

आप्पांनी मोठा निःश्वास टाकला. चहाचा घोट घेतला. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं कौतुकानं बघितलं आणि म्हणाले,

"मग असं करा. पुढच्या कार्यक्रमाला पण माझ्या आधी तुम्हीच बोला."