रोहूचं मुंडकं

जळतेच मी तिच्यावर. अजूनही. आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही मला उगाच मोठ्या मनाची समजाल.

मी राजुऱ्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर. केस तिथेच पांढरे झाले. ती आली साताऱ्याकडून, नवीकोरी, आणि आल्या आल्या डॉक्टरसाहेबांनी तिच्याकडे औषधांच्या दुष्परिणामांचं काम दिलं. औषधानं कुणाला पुरळ उठलं, चक्कर आली, सूज आली की लिहून चंद्रपूरच्या केंद्राला कळवायचं. आमच्यात असलं कोणी कळवत नसे. सुई दिल्यावर पेशंटला खाज सुटली तर आम्ही उतारा द्यायचो आणि गप्प बसायचो, कारण खापर शेवटी सिस्टरच्याच डोक्यावर फुटतं. ही बया मात्र एकेका खाटेशी टेकून विचारायची, "हे औषध सुरू झाल्यापासून नवीन काय झालं?" आणि माणसं सांगायची हो! मी विचारलं की "बरं हाये" म्हणून तोंड फिरवणाऱ्या म्हाताऱ्या तिच्यापुढे तळपायाच्या आगीपासून सगळं ओकायच्या. "सिस्टर असावी तर अशी," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

म्हटलं, जाऊ दे. दवाखाना घे बाई तू. माझी माय तर माझी आहे.

माय गावी तलावाकाठी भावाकडे राहते. भाऊ जाळं टाकतो, माय बाजारात मासोळी विकते. मोठ्या रोहूचं मुंडकं लहानपणापासून माझं. भावानं कितीही तोंड वाकडं केलं तरी माझंच. लग्न झालं, पोरं झाली, तरी बाजाराच्या दिवशी माय रश्शातलं मुंडकं डब्यात घालून दवाखान्यात घेऊन यायची.

मग मायचे ओठ सुजायला लागले. सुजायचे, ओसरायचे, पुन्हा सुजायचे. भाऊ म्हणाला, तलावात औंदा मासोळीचं बाहेरचं बीज सोडलं, तेच बाधून राह्यलं. मलाही पटलं. मासोळीवर जगणाऱ्या घराला दुसरं काय बाधणार? ॲलर्जीची गोळी दिली आणि हुकूम सोडला, "माय, मासोळी बंद."

"मंग का गवत खाऊ?" माय कुरकुरली. पण ऐकलं तिनं. टोपलीभर मासोळी विकायची आणि घरी येऊन वरणभात खायची. माझा डबाही बंद झाला.

एका बाजाराच्या दिवशी भावजय तिला धरून दवाखान्यात घेऊन आली. जीभ इतकी सुजलेली की तोंड मिटेना. श्वासाला घरघर. साहेब धावत आले, ऑक्सिजन लावला, सुया दिल्या. माझा राग निघाला बिचाऱ्या भावजयीवर. "मासोळी काऊन खाऊ देली तिले?"

"नाई जी बाई, पोळ्यापासून तुकडा नाई खाल्ला मायनं," ती रडायलाच लागली.

साताऱ्याची मागेच उभी होती. तिनं विचारलं, "मग रोज न चुकता काय घेतात त्या?"

भावजयीनं मायच्या पदराची गाठ सोडली. आत बीपीची गोळी. ओठ सुजायच्या थोडी आधीच सुरू झालेली. मीच तर फोन करकरून आठवण द्यायची, "माय, गोळी घेतली ना?"

साहेबांनी पाहिली. म्हणाले, हीच. एखाद्याला या गोळीनं असं होतं. ती कायमची बंद केली.

सूज हळूहळू उतरली. माय वाचली. मी मागच्या अंगणात जाऊन पोटभर रडले. आत येऊन पाहते तर मायच्या उशाशी ती बसलेली, हातात हात, आणि माय बोबड्या जिभेनं तिला काय काय सांगून राह्यली. मला नाही, तिला! मायच्या गोळीचा अहवालही तिनंच लिहिला. त्यात पेशंटचं नाव नसतं, आद्याक्षरं असतात. माझी माय दोन अक्षरांची होऊन चंद्रपूरला गेली आणि खाली सही तिची. पोटात दुखेल नाहीतर काय?

माय ठणठणीत झाल्यावर बाजाराच्या दिवशी डबा घेऊन आली. किती दिवसांनी तो वास! मी हात धुवून बसले. साताऱ्याचीलाही मायनं बोलावून बसवलं होतं. मायनं मुंडकं उचललं आणि सरळ तिच्या ताटात वाढलं.

"माय, ते माहं हाये," तोंडातून निघूनच गेलं. नातवंडं यायच्या वयाची बाई मी!

"तुनं माही मासोळी बंद केली, पोरीनं गोळी," माय म्हणाली. "खाऊ दे तिले."

पोरीला कुठलं मुंडकं खाता येतंय! कल्ल्यापाशीच अडकली. मग माय तिच्याशेजारी मांडी घालून बसली आणि बोटांनी काटे काढून एकेक घास तिच्या ताटात ठेवू लागली, मला ठेवायची तसाच.

माझ्या वाट्याला शेपटीकडचा तुकडा आला. त्यात काटे फार. माझे मीच काढले.