तांदळ्यामागचा चेहरा

हे लिहितानाही लाज वाटते. खरवईच्या गावदेवीच्या देवळात मी भिंतीवर देवी काढली, आणि ती पाहायला आलेली माणसं हात न जोडताच चपला घालून निघून गेली. कोणी काही वाईट बोललं नाही. देवळाचं काम पाहणारे दामूकाका तेवढे मागे थांबले. बराच वेळ बघून म्हणाले, "काम साफ हाय. पन पोरा, ही आई बघते कोनाकडं?" जत्रेच्या आत चेहरा जमला नाही तर भिंतीला टाइल्स लावू, असं ते जाताना समजुतीच्या आवाजात सांगून गेले. त्या समजुतीनेच मी जास्त मेलो.

खरवईची देवी म्हणजे शेंदूर लावलेला तांदळा. नुसता दगड, त्याला नाक-डोळे नाहीत. मागच्या भिंतीवर तिचं रूप काढायचं ठरलं तेव्हा तिचा चेहरा कसा, हे गावात कोणालाच सांगता येईना. मला वाटलं, बरंच झालं, कोणी चूक काढणार नाही.

मी मूळचा हिंगोलीकडचा. आठवीनंतर शाळा सुटली आणि मावसभावाच्या मागे अंबरनाथला आलो. तिथल्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपात पत्र्यावर मार्किंग करायचं काम शिकलो. खडू, पत्र्यावर रेघ ओरखडायचा स्क्राइबर, कंपास. दोन्ही बाजू सारख्या हव्या असल्या की आम्ही पुठ्ठ्याचा अर्धाच फर्मा कापायचो आणि मधल्या रेघेवर तो उलटा ठेवायचो. हात त्यातच बसला. जेवणाच्या सुट्टीत त्याच खडूने पत्र्यावर माणसं काढायचो. पुढे उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका पेंटरकडे सुट्टीच्या दिवशी दुकानांचे बोर्ड रंगवायला जाऊ लागलो. शेवटी माणसांचीच चित्रं काढायची म्हणून नोकरी सोडली. वर्कशॉपचे शेठ सिंधी होते, मनाने वाईट नव्हते. एवढंच म्हणाले, "जा, पर वापस आके शकल मत लटकाना." घरी आईला मात्र मी नोकरी सोडल्याचं कळवलं नव्हतं. फोनवर ती वर्कशॉपचं विचारायची आणि मी ठीक आहे म्हणायचो.

देवीचं मोठं काम त्या पेंटरनेच मिळवून दिलं. आणि मी काय केलं? पुठ्ठ्याचा अर्धा चेहरा कापला आणि मधल्या रेघेवर उलटा ठेवला. डावा डोळा उजव्यासारखा, ओठाचं एक टोक दुसऱ्यासारखं. केसभरही फरक नाही, आणि जीवही नाही. खरं कारण मला ठाऊक होतं. मला कोणाच्या तोंडाकडे बघताच यायचं नाही. कमी शिकलेला, परमुलखातला, मी बोलायचो ते समोरच्याच्या चपलांशी. ज्याने कधी चेहरा धड पाहिला नाही, तो काढणार कुठून?

दुसऱ्या दिवशी दुपारी पॉलिश पेपरने तो चेहरा घासून काढला. अंगावर हिरवं लुगडं, हातात शस्त्रं, आणि मानेवर नुसती पांढरी भिंत. तिच्यापुढे बसून मी म्हणालो, आई, माझ्याकडून होत नाही. तुला टाइल्स लावतील, तूच मला क्षमा कर.

थोड्या वेळाने एक बाई आत आल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी जवळच्या कात्रपला आलेल्या. चुकीच्या शेअर रिक्षात बसल्या आणि इथे उतरल्या होत्या. जावयाला फोन केला होता, तो येईपर्यंत सावलीला टेकल्या. पाणी दिलं तर विचारलं, कुठला तू? गावाचं नाव सांगितलं. त्या आमच्याच बाजूच्या निघाल्या. भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, चेहरा कुठाय? मी म्हटलं, जमला नाही.

"कामून रे, मान खाली घालून बोलतोस? काय सांडलं का तिथं?"

गावची ती बोली ऐकून हसू आलं आणि मान आपोआप वर झाली. दमलेला चेहरा. एक भुवई दुसरीपेक्षा चढलेली, ओठ एकीकडे जरासा ओढलेला. लेकीच्या काळजीने डोळे जड झालेले, तरी त्याच डोळ्यांनी त्या मला विचारत होत्या, "जेवलास का?"

मी चाचरत विचारलं, तुमच्याकडे बघून काढू का? त्या म्हणाल्या, "काढ. पण गप बसणं मला होणार नाही." आणि बोलतच राहिल्या. लेकीचा रक्तदाब वाढलाय, डॉक्टर स्पष्ट सांगत नाहीत, जावई भला आहे पण घाबरट आहे. मी ऐकत होतो, बघत होतो आणि ब्रश चालत होता. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी करतात. ती त्यांच्या डोळ्यांकडे बघत एका दमात केली.

जावयाची मोटरसायकल आली. बाई उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीपुढे उभ्या राहिल्या. त्यांनी स्वतःला ओळखलं नाही. हात जोडून म्हणाल्या, "आई, माझ्या लेकीला सोडव." आणि गेल्या. त्यांचं नाव विचारायचं राहिलं.

त्या गेल्यावर ती चढलेली भुवई माझ्या नजरेला खुपली. हात सवयीने कंपासकडे गेला. मग वाटलं, माझ्या मापाने जे झालं ते मी पाहिलंच आहे. हे देवीने दिलंय, तसंच राहू दे. संध्याकाळी दामूकाका आले. भिंतीकडे बघून त्यांनी निरांजन लावलं आणि हात जोडले. मी बाहेर जाऊन आईला फोन केला आणि नोकरीचं खरं काय ते सांगून टाकलं. ती रडली, मग म्हणाली, देवी कशी दिसते ते तरी सांग.

आता माणसांची चित्रं काढतो. पोट कसंबसं भरतं. लाज अजून पुरती गेलेली नाही, पण मान वर राहते. खरवईला गेलो की स्वतःसाठी काही मागत नाही. देवीला एवढंच विचारतो, त्या बाईंची लेक सुखरूप सुटली ना? आणि उत्तराची घाई न करता तिच्यासमोर बसून राहतो.