कुंदाला सांगायला खापरखेड्याला

युगांडाला जाण्याआधी मला खापरखेड्याला जायचं होतं. बॅग भरून झाली होती. पिवळ्या तापाची लसही टोचून घेतली होती. लस घेतल्यावर थोडा वेळ बसवून ठेवतात. तिथल्या बाकावर प्रत्येकाजवळ कोणी ना कोणी होतं. माझ्या शेजारी माझीच छत्री आणि पाण्याची बाटली होती.

कुंदा आणि मी नागपुरात एकाच सरकारी दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होतो. ती भिवापूरची, मी इंदोऱ्याची. निवृत्तीनंतर या शिबिराचं तिच्याच मनात आलं. भाजल्यामुळे आखडलेले हात-बोटं मोकळी करणाऱ्या डॉक्टरांचं एक पथक युगांडातल्या लहान गावी जातं, त्यांना थिएटरचा सराव असलेल्या नर्स हव्या होत्या. आम्ही दोघींनी नावं दिली, दोघींची निवडही झाली. मग कुंदाला हृदयाचा झटका आला. ऑपरेशन निभावलं, पण डॉक्टरांनी लांबचा प्रवास कायमचा बंद केला. तिच्या जागी पुण्याची एक सिस्टर येणार, असं मला फोनवर कळलं. कुंदा आता खापरखेड्याला मुलाकडे राहत होती; हे तिला मी समोर बसूनच सांगावं असं वाटलं.

बस सकाळी निघाली. कोराडीच्या वीज केंद्राची धुराडी मागे पडली आणि दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं लागली. बांधावर पळस फुलला होता. बसमध्ये फारसं कोणी नव्हतं. काय बोलायचं ते मी मनात जुळवत राहिले आणि त्या नादात एक थांबा आधीच उतरले. उन्हात चालत खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीपर्यंत गेले. इथे झाडांच्या पानांवर राखेचा पातळ थर असतो. बोट लावलं तर करडं होतं. एका ऑटोवाल्याने हटकलं, "कोणाकडे जाऊन राहिले, ताई?" मी कुंदाच्या मुलाचं नाव सांगितलं, तो वीज केंद्रात नोकरीला आहे. ऑटोवाल्याला गल्ली माहीत होती, त्याने पैसे न घेता दारापर्यंत सोडूनही दिलं.

कुंदा पलंगावर उशीला टेकून बसली होती. निम्मी झाली होती. सुनेने पाणी दिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. तब्येतीचं बोलून झालं, औषधांचं झालं. मग मी सांगितलं की तिकीट आलंय, पुढच्या आठवड्यात निघायचंय.

तिने विचारलं, सोबत कोण. मी पुण्याच्या सिस्टरबद्दल सांगितलं. ओळख नाही, म्हटलं.

"मी बरी होईपर्यंत थांबत नाही का वं?" ती म्हणाली.

तिचं हृदय किती उरलंय हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. सारा जन्म आम्ही नातेवाइकांना अशा प्रश्नांची गुळमुळीत उत्तरं दिली होती. तिला तसं उत्तर देणं मला जमेना.

"कुंदा, मी आता थांबली ना, तर मंग मी कधी जातच नाही."

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "तरी विचारलं." आणि मग, "मले आनंद झाला असं मी म्हणत नाही. खोटं काहून बोलू? पण तू जाय."

मी तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

सुनेने गोळाभात (बेसनाचे तिखट गोळे घालून शिजवलेला भात) वाढला, वरून लसणाचं गरम तेल. कुंदाच्या वाटीत नुसतं पातळ वरण होतं. जेवताना ती हळूहळू बोलू लागली. तिकडे वीज गेली तर काय करशील, उकळलेलं पाणी आधीच झाकून ठेव, लहान लेकरं शुद्धीवर येताना हात झटकतात, पट्टी सांभाळ. मला हे सगळं येत होतं. मी एकेका गोष्टीला मान डोलावत राहिले, कारण तिला एवढंच माझ्यासोबत पाठवता येत होतं. निघताना ती दारापर्यंत येऊ शकली नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पोहोचली की फोन कर."

परतीच्या बसमध्ये मला वाटत राहिलं, परदेशी जायची तयारी म्हणजे लस, पासपोर्ट, बॅग, एवढंच मी धरून चालले होते. जिच्यासोबत जायचं ठरलं होतं तिच्याशिवाय जायचं, ही तयारी कशी करतात ते कोणी सांगितलं नव्हतं. आणि ती झाली असंही म्हणवत नव्हतं.

खिडकीशी बसून मी शेजारच्या सीटवर पर्स ठेवली होती. ड्युटी संपल्यावर बसमध्ये कुंदासाठी मी अशीच जागा धरायचे, हाताला ती सवय राहिलीय. कोराडीला बस भरली. एक बाई पिशवी सांभाळत माझ्याजवळ थांबली.

"इथं कोणी हाये का, बाई?"

"नाही," मी म्हणाले आणि पर्स मांडीवर घेतली. "बसा."