मामा ओहोटीचंच सांगायचे

मामा गेल्याचा फोन महूहून आला, तेव्हा माझी बायको सुनंदा पोहे भिजवत होती. चाळणी तशीच नळाखाली ठेवून ती रडायला बसली. मामा माझे, पण आधी रडली ती... आणि तिचा तो हक्कच होता, कारण आमचं लग्न मामांनी जवळजवळ मोडून जमवलं होतं.

आईच्या माहेरी सगळे फौजी. मामा एकटेच नौदलात, तेही समुद्र मोजणाऱ्या जहाजावर. किनाऱ्याशी रोवलेल्या खुणांच्या काठीवर पाणी किती चढलं-उतरलं, ते बघणं त्यांचं काम. नावेतून खोली मोजली, की तेव्हा चढलेलं भरतीचं पाणी त्यातून वजा करायचं आणि नकाशावर मोठ्या ओहोटीलाही उरेल तेवढंच लिहायचं. जास्त लिहिलं, तर भरवशावर आलेलं जहाज तळाला लागतं. इंदूरला ही विद्या काय कामाची, हे मात्र आम्हाला कधी कळलं नव्हतं.

ती त्यांनी माझ्यावर चालवली. मी कामाला होतो ती मिल बंद पडली होती, सुनंदाला एका लग्नात बघून मी पार वेडा झालो होतो, आणि आई, मामा व मी तिला रीतसर बघायला जुन्या इंदुरात गेलो. ‘मिल लवकरच उघडणार’ असं सांगायचं घरी पक्कं ठरलं होतं.

तिच्या वडिलांनी विचारलं, “मुलगा काय करतो?”

मामांनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. “मिल बंद आहे, भाईसाहब. उघडणारच नाही असं समझा. सध्या केबलवाल्याच्या तारा ओढतो, परवाच छपरावरून पडला. डोकं गरम आहे. घोरतो. केस आहेत, पण याच्या बापाला याच वयात टक्कल पडलं.”

आईने पदर तोंडाला लावला. धरणीने मला पोटात घ्यावं, असं झालं. मामांचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

“हे सगळं ओहोटीचं सांगितलं,” मामा शांतपणे म्हणाले, आणि बिचाऱ्यांना अख्खा समुद्र समजावला.

वडील सुनंदाकडे बघू लागले. सुनंदानेच विचारलं, “मामाजी, याच्या खाली काही नाही ना?”

मामांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. “नाही बेटा. यहाँ से पाणी चढणारच.”

“मग चालेल,” ती म्हणाली. “आधी आले होते ते सगळे भरतीचंच सांगून गेले.”

मामांचा पुण्यानुमोदनाचा विधी होऊन आता महिना झाला. घरात कुणी खोटी आशा दाखवली, की मामांची उणीव फार जाणवते. परवा सुनंदा खिडकीशी नुसतीच बसली होती. मी विचारलं, “मामांची फार आठवण येते ना गं?”

“फार-बिर मला नाही सांगता येत,” ती डोळे पुसत म्हणाली. “ओहोटीचं सांगते... रोज येते.”