पांढऱ्या वायरची जागा

लॉरेल फोर्कच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये देवाखालोखाल कुणाला जपत असतील, तर ते जेवणाच्या हॉलमधली ऊब कमीजास्त करणाऱ्या थर्मोस्टॅटला. त्याच्यावर प्लास्टिकची पारदर्शक पेटी होती, पेटीला कुलूप होतं आणि कुलपाच्या किल्ल्या दोनच. एक डीकन डेल्बर्ट ओगल यांच्याकडे, कारण ते डीकन, म्हणजे चर्चचे कारभारी होते. दुसरी ऑर्लिना स्टिल्टनरकडे, कारण झाडलोट करणाऱ्या बाईलाही थंडी वाजते, हे एकोणीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

त्या हिवाळ्यात विजेचं बिल फुगलं. डेल्बर्टनी गुन्हेगार लगेच शोधला. पुरावा काय, मागाहून मिळतोच.

“आठवडाभर या इमारतीत एकटं कोण असतं?” ते पाद्रीसाहेबांना म्हणाले. “मी नाव घेत नाही. पण हा उधळेपणा थांबला नाही, तर पुढच्या सभेत ऑर्लिनाबाईंची किल्ली काढून घ्यावी आणि झाडलोट शहरातल्या कंपनीकडे द्यावी.”

नाव न घेण्याची ही त्यांची पद्धत. ऑर्लिना तेव्हा चार पावलांवर टेबल पुसत होती. फडकं हातात असलं की माणसाला ऐकू येत नाही, अशी त्यांची समजूत असावी.

ऑर्लिनाचे कान मात्र चांगलेच तयार होते. नवऱ्याच्या, होबर्टच्या हयातीत तिनं बावीस वर्षं हीट पंप दुरुस्तीच्या दुकानात फोन घेतले होते. होबर्ट मेकॅनिक, पण गिऱ्हाइकाचं रडगाणं ऐकून, कुठे हात घालायचा ते त्याला तीच सांगायची. दुकानाच्या पाटीवर नाव होबर्टचं.

त्यामुळे बिल का फुगलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हीट पंप बाहेरच्या हवेतली ऊब सावकाश ओढून आत आणतो, थोडक्या विजेत. त्याला एकदम पळायला लावलं की मदतीला बॅकअप हीटर धावतो, आणि तो वीज पीत नाही, ढोसतो. डेल्बर्ट रविवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर, काटकसर म्हणून, थर्मोस्टॅट पार खाली उतरवत आणि पुढच्या रविवारी पहाटे एका दमात सतरा अंश वर चढवत. मधले सहा दिवस ऑर्लिना, किल्ली असूनही, कोट घालून फरशी पुसत असे.

“बंधू, एकाच पातळीवर राहू द्या,” तिनं एकदा सांगून पाहिलं होतं.

“बाई, यात गणित असतं,” डेल्बर्ट म्हणाले होते.

जानेवारीत थर्मोस्टॅटनं प्राण सोडला. डेल्बर्टनी दुसऱ्याच दिवशी सेलमधला एक आणला आणि पाद्रीसाहेबांसमोर टेबलावर ठेवला. ऑर्लिनानं जुन्याचं झाकण काढलं, कुठली वायर कुठे ते दानाच्या रिकाम्या पाकिटावर उतरवून घेतलं आणि नवा उलटा करून पाहिला.

“यात पांढऱ्या वायरला जागाच नाही, बंधू.”

“मग सोडा मोकळी. एका वायरनं काय होतंय?”

“ती बॅकअपची. बाहेरचं यंत्र अंगावरचं बर्फ वितळवायला लागलं, की आत गार वारा सुटतो. तेव्हा तीच सांभाळून घेते.”

“म्हणजे वीज खाणारी तीच ना? बरं झालं, पीडा गेली!”

“गेलीच म्हणा. म्हाताऱ्यांच्या न्याहारीला बिस्किट-पावांवर ग्रेव्ही गोठेल. पण बिल कसं देखणं येईल!”

पाद्रीसाहेबांना एकाएकी खोकला आला. तो आवरल्यावर त्यांनी विचारलं, “मग कुठला घ्यावा, ऑर्लिना?”

तिनं पर्समधून घडी केलेला जाहिरातीचा कागद काढला. “हा. हीट पंपाचा, बॅकअपसकट. बॅकअप कुठल्या दिवशी, किती वाजता लागला, किती वेळ चालला, सगळं लिहून ठेवतो.”

डेल्बर्टचे डोळे चमकले. “वेळेसकट?”

“मिनिटासकट.”

“मग हाच घ्यायचा!” डेल्बर्टनी टेबलावर थाप मारली. “आता कळेलच कोण काय करतं ते.”

रविवारी ठराव त्यांनीच मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला. त्या चर्चमध्ये यापूर्वी एकमत फक्त बनाना पुडिंगवर झालं होतं.

महिन्यानं सभा भरली. डेल्बर्टनी नवा सूट घातला होता. “नोंद वाचावी. मोठ्यानं,” त्यांनी विनंती केली. ऑर्लिना मागच्या रांगेत, किल्ली मुठीत धरून बसली होती.

पाद्रीसाहेबांनी वाचलं. “सोमवार ते शनिवार, मिळून अकरा मिनिटं. रविवार, सकाळी सहा दहा ते आठ चाळीस.” पान उलटलं. “पुढचा आठवडा. नऊ मिनिटं. रविवार, सहा बारा ते आठ पन्नास.”

तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळी डोकी एकाच दिशेला वळली होती. “रविवारी पहाटे सहाला, तुम्ही पांघरुणात घोरत असता तेव्हा, हा हॉल मी एकटा उघडतो,” हे डेल्बर्ट गेली पंधरा वर्षं याच सभेत सांगत आले होते.

“काय रे डेल्बर्ट,” त्यांची थोरली बहीण व्हेस्टा पुढच्या रांगेतून म्हणाली, “सहाला येणारा तो पुण्यवान माणूस कोण म्हणायचास तू?”

डेल्बर्टना त्या क्षणी बुटाच्या नाडीत फार रस वाटू लागला.

“ऑर्लिना, तुला काही बोलायचंय?” पाद्रीसाहेबांनी विचारलं.

“नाही हो. यंत्र बोललं की नीट.”

शहरातल्या कंपनीचं नाव पुन्हा निघालं नाही. एक किल्ली मात्र काढून घेण्यात आली, तीही एकमतानं.

पुढच्या रविवारी सव्वासहाला डेल्बर्ट हॅट-मफलरसकट त्या पेटीसमोर उभे होते. हॉल उबदार होता. सवय मात्र जात नाही.

“ऑर्लिनाबाई, जरा दोन अंश चढवता का?”

“चढवते की,” तिनं त्यांच्या हातात गरम कॉफीचा कप ठेवला. “ठराव तुम्ही मांडताय, की मी मांडू?”