सात वाजताच्या अर्ध्या हाका

मार्गशीर्षातला पहिला रविवार, सकाळी साडेदहा. तोपर्यंतचा खर्च सात हजार आठशे चाळीस रुपये. हजर: माझी थोरली बहीण, माझी बायको आणि मी, आमच्या केडगावच्या घरात. ज्यांच्याविषयी बोलणं चाललं होतं ते आमचे वडील हजर होते असंही म्हणता येईल आणि नव्हते असंही. ते माझ्या मोबाईलच्या पडद्यावर होते, अकोले तालुक्यातल्या गावच्या घरी, पुढच्या खोलीतल्या खाटेवर. चित्र अडकलं होतं. मान वळवून ते थेट आमच्याकडे बघत होते, आणि चार मिनिटं झाली तरी पापणी हलली नव्हती.

"बंद कर ते," ताई म्हणाली. "मला बघवत नाही."

आई गेल्यापासून अण्णा त्या घरात एकटे राहतात. वय एक्याऐंशी. मोबाईल त्यांना दिलेला आहे; हरवू नये म्हणून ते तो तांदळाच्या डब्यात ठेवतात. म्हणून मी खोलीत एक कॅमेरा बसवला आणि ऑफिसातून भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर रीतसर पावती करून घेऊन तिथे ठेवला. त्यावर लिनक्स नावाची सिस्टीम घातली, कारण तिला पैसे पडत नाहीत आणि मला ती थोडीफार येते. कॅमेऱ्याचं चित्र आणि खोलीतला आवाज त्या कॉम्प्युटरवर यायचा, तिथून आमच्या मोबाईलवर. कॉम्प्युटरला स्पीकर जोडला होता, म्हणजे इथून बोललेलं तिथे ऐकू जाई. रोज संध्याकाळी सातला एकदा मी नाहीतर भिंगारहून ताई हाक मारायची, जेवण झालं का विचारायचं, एवढाच बेत.

पावसाळाभर ते नीट चाललं. दिवाळीनंतर कॉम्प्युटरने आपणहून एकदा सगळी सिस्टीम नवी करून घेतली आणि बिघडायला सुरुवात झाली. चित्र अडके. सुटलं की अण्णा दुसरीकडेच असत. आत्ता खाटेवर होते, आता दाराशी पाठमोरे. मधला वेळ कुठे गेला ते दिसत नसे. पण त्यापेक्षा वाईट म्हणजे ते ओ देईनासे झाले. आम्ही हाक मारली की मान वर करत, स्पीकरच्या दिशेने बघत, आणि तसेच बसून राहत. ओठ मिटलेले. एकदा ताईने गावी जाऊन विचारलं, तेव्हा म्हणाले, "घरात कोनीतरी हाक मारतं. अर्धीच मारतं."

ताईच्या मते हे म्हातारचळ होतं, आणि आता त्यांना इकडे आणलंच पाहिजे. मला वाटत होतं दोष लाईनचा आहे. म्हणून मी राऊटर बदलला, केबल बदलली, अकोल्याहून मेकॅनिक दोनदा नेला. तो खोलीत होता तोवर सगळं उत्तम चालायचं. आम्ही दोघांनी घराबाहेर पाय टाकला की पुन्हा तेच.

"वीस रुपयांच्या कोथिंबिरीसाठी भांडता," बायको म्हणाली, "आणि तिकडे आठ हजार घातले, तरी सासरे बोलत नाहीत ते नाहीतच."

"सात हजार आठशे चाळीस," मी म्हणालो. मग ठरलं: पुढच्या रविवारी टेम्पो न्यायचा, खाट, पेटी आणि अण्णा घेऊन यायचं, घराला कुलूप. अण्णांना मी फोनवर नव्हे, जाऊनच सांगायचं होतं.

त्या आठवड्यात मी वहीत आकडे मांडत होतो. लाईन तपासायची साधी रीत आहे: इकडून माहितीचं एक छोटं पाकीट पाठवायचं, तिकडून ते परत येतं का बघायचं. केडगावपासून गावच्या राऊटरपर्यंत शंभरातली शंभर परत येत. राऊटरपासून कॉम्प्युटरपर्यंत, म्हणजे दोन हातांच्या अंतरात, ती हरवत. घाईघाईने पाठवली तर एकही हरवत नसे. पाच सेकंदांनी एक अशी सावकाश पाठवली तर तासाच्या सातशे वीसमधली दोनशे एकसष्ट परतली नाहीत. त्यातही अण्णा चालत-फिरत असताना कमी हरवत. ते स्थिर बसले की जास्त. हे मी तीनदा तपासलं. माणूस स्थिर बसण्याचा आणि तारेचा संबंध काय, हे मला कळेना, आणि खरं सांगायचं तर त्या आकड्यांकडे बघायला मला नको वाटू लागलं.

शुक्रवारी एसटीने अकोले आणि तिथून जीपने सहाला गावात पोचलो. अण्णा ठीक होते. गाईची धार काढली होती, भात शिजत होता. टेम्पोचं सांगितलं तेव्हा इतकंच म्हणाले, "खाट कशाला न्हेता? तिथं खाटा न्हाईत का?"

सातला आम्ही पुढच्या खोलीत बसलो होतो. बाहेर खळ्यावर अंधार उतरत होता. स्पीकरमधून एक आवाज आला. "अ" आणि पुढे काही नाही. बाईचा होता, पण ताईचा वाटला नाही. आमची आई शेवटी शेवटी आतल्या खोलीतून अशी हाक सुरू करायची आणि दम लागून सोडून द्यायची.

मी बोलायला तोंड उघडलं, तर अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बोलू नको."

"का?"

"एकदाच आली."

मग मला आठवलं. आमच्याकडे दिवेलागणीनंतर कोणी हाक मारली तर पहिलीला ओ देत नाहीत, दुसरीलाही नाही. तिसरी आली तर ते माणूस. जे माणूस नसतं ते तिसऱ्यांदा बोलवत नाही. लहानपणी हे आम्हाला नाव-गाव सांगण्याइतकं पाठ होतं. ताई आणि मी अजूनही सवयीने तीनदाच हाक मारायचो. त्यामागचं कारण मी विसरलो होतो, अण्णा नाही.

आम्ही दोघं न हलता बसलो. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मोजायचं सुचलं नाही असं माझ्या बाबतीत क्वचित घडतं. दुसरी हाक आली नाही. शेवटी मी उठलो, दिवा लावायला खोलीतून चाललो, आणि माझ्या पाठीमागे स्पीकरमधून ताई लख्ख आवाजात म्हणाली, "अण्णा, अहो ऐकताय का? केव्हाची ओरडतेय!"

मी चाललो म्हणून हाक आली. रात्रभर हेच डोक्यात होतं. सकाळी कॉम्प्युटरसमोर बसलो तेव्हा उलगडा झाला. नेटवर्क कार्ड, म्हणजे जिथे केबल खुपसतो तो भाग, आणि त्याच्याशी बोलणारा ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम. दिवाळीनंतरच्या नव्या सिस्टीमबरोबर तो बदलला होता. काम कमी असलं की वीज वाचवायला तो कार्डाला झोपवायचा, आणि जागं करायला उशीर करायचा. तेवढ्यात दाराशी आलेलं पाकीट गेलं. त्याच कार्डाविषयी तीच तक्रार परदेशातल्या कुणीतरी लिहून ठेवलेली सापडली. खोलीत हालचाल असली की कॅमेरा भरपूर चित्र पाठवी आणि कार्ड जागं राही. अर्धी हाक ऐकून अण्णा निश्चल बसत, म्हणून पुढच्या दोन हाका पोचत नसत.

दुसरा ड्रायव्हर घातला, झोपवणं बंद केलं. आठ ते बारा सावकाश पाकिटं पाठवली. दोन हजार आठशे ऐंशी गेली, तितकीच परत आली. खर्च शून्य.

त्या संध्याकाळी ताईच्या तीनही हाका आल्या. तिसरीला अण्णांनी ओ दिली आणि लगेच विचारलं, "जेवली का गं?" ताई फोनवर रडली.

मग अण्णांनी मला विचारलं, "आन दुपारची कोन मारतं?"

"दुपारची?"

"दोनच्या सुमाराला. ती बी एकदाच."

कॉम्प्युटरमध्ये कोण कधी जोडलं गेलं याची नोंद राहते. मी दिवाळीपासूनची सगळी पाहिली. दुपारी कोणीही, कधीही जोडलं गेलं नव्हतं. तसं मी त्यांना सांगितलं. ते भात कालवत होते.

"मग तिला ओ द्यायची न्हाई, येवढंच," म्हणाले.

ही गोष्ट ताईपासून लपवणं मला बरोबर वाटलं नाही. बाहेर रेंज येते तिथे जाऊन तिला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं.

"पण ओ देत नाहीत ना?"

"नाही."

"मग राहू दे त्यांना तिथंच."

रविवारी नऊला टेम्पो आला. टेम्पोवाल्याने खोलीत डोकावून पाहिलं. खाट होती तिथेच होती आणि तिच्यावर अण्णा बसले होते. "मोकळाच न्यायचा का?" त्याने विचारलं. मी अर्ध्या भाड्याचं बोलणार होतो.

"त्यो ठरल्याला आलाय," अण्णा म्हणाले, "ठरल्यालं दे."

चार हजार पाचशे रुपये, रोख, टेम्पोवाल्याला दिले.